विश्लेषण : कुत्र्याला माणसाचे मन खरेच कळते का? पेण-रोह्याच्या रस्त्यावरचा कुत्रा आपल्यात नेमके काय वाचतो?

पेणच्या एसटी स्थानकात गाडी लागायला अजून वेळ आहे. फलाटाच्या कडेला एक गावठी कुत्रा अंग चोरून झोपला आहे. त्याच्यापासून चार हातांवर उभा असलेला प्रवासी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकतो. कुत्रा ताडकन उठतो, शेपूट पायांत घालतो आणि दूर जाऊन उभा राहतो. प्रवाशाच्या मनात कुत्र्याचा विचारही नव्हता. पण कुत्र्याच्या अनुभवात माणूस असा वाकला की पुढच्या क्षणी त्याच्या हातात बहुधा दगड असतो.

हे दृश्य पेणलाच दिसते असे नाही. रोह्याच्या बाजारात, रेल्वे स्थानकाबाहेर, कुठल्याही गावच्या पारावर ते रोज घडते. कुत्रा माणसाची हालचाल विलक्षण बारकाईने टिपतो. पण त्या हालचालीमागचे कारण त्याला कळत नाही. ‘कुत्र्याला माणसाचे मन कळते’ असे आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य किती आणि गैरसमज किती, हे गेल्या वीसेक वर्षांतील संशोधनातून बरेच स्पष्ट झाले आहे. या संशोधनाचा संबंध केवळ पाळीव कुत्र्यांच्या कौतुकाशी नाही. कुत्रा कधी जवळ येतो, कधी पळतो आणि कधी चावतो, याच्याशीही तो आहे.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात कुत्रे चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटनांची नोंद झाली. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ४ लाख ८५ हजार होता. २०१९च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाखांच्या घरात होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली. २२ ऑगस्टच्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे पुन्हा त्यांच्याच भागात सोडावेत, मात्र रेबीज झालेले वा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, असे सांगण्यात आले. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके या ठिकाणांहून कुत्रे हटवावेत आणि त्यांना पुन्हा तेथे सोडू नये, असे निर्देश देण्यात आले.

आदेशाची अंमलबजावणी होत राहील. पण पेण किंवा रोह्यासारख्या शहरात माणसाचा आणि कुत्र्याचा रस्ता एकच आहे. मासळी बाजार, गणेशमूर्तींचे कारखाने, धाटाव औद्योगिक वसाहतीकडे जाणारा रस्ता, शाळेची वाट या सगळ्या ठिकाणी दोघे एकमेकांच्या समोर येतात. तिथे एकाने दुसऱ्याला चुकीचे वाचले की प्रकरण चाव्यापर्यंत जाऊ शकते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि तो भारतातच झाला आहे. जगातील बरेचसे संशोधन घरात वाढलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कुत्र्यांवर होते. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत प्रा. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी मात्र अनेक वर्षे रस्त्यावरच्या मोकळ्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत.

२०२०च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात वेगवेगळ्या शहरांतील १६० एकट्या फिरणाऱ्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवण्यात आली. एकात कोंबडीचे कच्चे मांस होते. दुसऱ्याला फक्त मांसाचा वास लावलेला होता. अनोळखी माणसाने बोटाने एका भांड्याकडे खूण केली. जवळपास निम्मे कुत्रे भांड्यांकडे आलेच नाहीत. संशोधकांच्या निरीक्षणानुसार त्यांतील बरेचसे घाबरलेले, अस्वस्थ होते. म्हणजे त्यांचा माणसांचा पूर्वानुभव चांगला नसावा. पण जे आले, त्यांतील सुमारे ८० टक्के कुत्रे बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेले. कोणीही शिकवलेले नसताना, अनोळखी माणसाच्या हाताची खूण त्यांनी बरोबर वाचली.

२०१८च्या दुसऱ्या एका अभ्यासात अनोळखी माणसाने कधी मैत्रीचे, तर कधी धमकावण्याचे हावभाव केले. रस्त्यावरच्या कुत्र्यांनी दोन्हींतला फरक ओळखून आपले वागणे बदलले. मैत्रीच्या खुणेला ते जवळ आले. धमकीची तीव्रता वाढली तसे ते दूर राहिले. पेणच्या स्थानकातला कुत्रा वाकलेल्या माणसाला पाहून उठतो, तो याच हिशेबाने.

त्याआधी, २०१७ मध्ये, याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाली, तर रस्त्यावरच्या कुत्र्याचा विश्वास खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरवलेल्या हाताने अधिक लवकर बसतो. हा निष्कर्ष संशोधकांनी काळजीपूर्वक घडवून आणलेल्या भेटींचा आहे, कोणत्याही अनोळखी कुत्र्याला हात लावावा असा सल्ला नव्हे. पण रस्त्यावरचा कुत्रा फक्त पोटासाठी माणसाकडे पाहतो, ही समजूत त्यामुळे खोटी ठरते.

कुत्रा माणसाचा चेहरा वाचतो का?

बऱ्याच अंशी वाचतो. व्हिएन्नामधील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पाळीव कुत्र्यांना संगणकाच्या पडद्यावर हसऱ्या आणि रागीट चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. सुरुवातीला चेहऱ्याचा अर्धाच भाग, म्हणजे फक्त डोळ्यांकडचा किंवा फक्त तोंडाकडचा, दाखवून फरक शिकवला. नंतर दुसरा अर्धा भाग आणि अगदी नवे चेहरे दाखवले, तरी कुत्र्यांनी हसरा आणि रागीट हा भेद ओळखला. ज्या कुत्र्यांना रागीट चेहरा निवडल्यावर खाऊ मिळत होता, त्यांना शिकायला जास्त वेळ लागला. रागावलेल्या चेहऱ्याकडे स्वतःहून जाणे त्यांना जड जात होते.

इंग्लंडमधील लिंकन आणि ब्राझीलमधील साओ पावलो या विद्यापीठांचा २०१६ मधील प्रयोग त्याच्या पुढे गेला. १७ कुत्र्यांना एकाच वेळी दोन चेहरे दाखवण्यात आले, एक आनंदी आणि एक रागीट. सोबत आनंदी किंवा रागीट आवाज ऐकवला. बोलणे पोर्तुगीजमध्ये होते आणि ती भाषा या कुत्र्यांच्या ओळखीची नव्हती. तरीही आवाजाशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे त्यांनी अधिक वेळ पाहिले. म्हणजे चेहरा आणि आवाज या दोन वेगळ्या खुणा एकाच भावनेच्या आहेत, हे त्यांनी जोडून घेतले.

शब्द कळतात की सूर?

‘हाड!’ हा शब्द गावातल्या प्रत्येक कुत्र्याला ठाऊक असतो, असे आपण मानतो. पण तोच शब्द लाडात, हळू आवाजात उच्चारला तर कुत्रा शेपूट हलवत जवळही येऊ शकतो. मग त्याला कळते काय?

बुडापेस्टच्या ओतवोश लोरांद विद्यापीठातील आत्तिला आंदिच आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवले. २०१६च्या प्रयोगात १३ कुत्र्यांना कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, तेच शब्द सपाट सुरात, आणि काहीच अर्थ नसलेले शब्द दोन्ही सुरांत ऐकवण्यात आले. कुत्र्यांचा मेंदू शब्द आणि सूर यांची वेगवेगळी दखल घेतो, असे दिसले. मात्र बक्षीस मिळाल्यावर उत्तेजित होणारा मेंदूचा भाग तेव्हाच अधिक सक्रिय झाला, जेव्हा शब्दही कौतुकाचा होता आणि सूरही.

थोडक्यात, नुसते गोड बोलून कुत्र्याची समजूत पटत नाही आणि शब्द बरोबर असूनही स्वर कोरडा असेल तर त्याला आनंद होत नाही. घरात मोत्याला ‘शहाणा रे शहाणा’ म्हणताना मोबाइलकडे पाहणाऱ्या मालकाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

घाबरलेल्या माणसाचा वास येतो, हे खरे आहे?

‘कुत्र्याला घाबरू नकोस, त्याला लगेच कळते,’ असे मोठी माणसे मुलांना सांगत आली आहेत. या सांगण्याला आता विज्ञानाचा काही आधार मिळाला आहे.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील क्लारा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ३६ जणांच्या घामाचे आणि श्वासाचे नमुने घेतले. एक नमुना शांत असताना, दुसरा घाईने अवघड तोंडी हिशेब करायला लावून ताण आल्यानंतर. चार प्रशिक्षित कुत्र्यांना ताण आल्यानंतरचा नमुना ओळखायचा होता. एकूण प्रयत्नांपैकी ९३.७५ टक्के वेळा त्यांनी बरोबर ओळखले. समोर माणूस नव्हता, चेहरा नव्हता, आवाज नव्हता. होता तो फक्त वास.

२०२४ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासात १८ कुत्र्यांना आधी शिकवले गेले की एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या जागी नसतो. मग या दोन जागांच्या मध्ये भांडे ठेवले. ताणाखाली असलेल्या अनोळखी माणसाचा वास दिल्यावर, ‘नसतो’ या जागेजवळच्या भांड्याकडे जायला कुत्रे अधिक कचरले. माणसाच्या ताणाचा वास त्यांना सावध करतो, जोखीम टाळायला लावतो, असा त्याचा अर्थ निघतो.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. ताण ओळखला म्हणजे कुत्रा लगेच हल्ला करतो, असे या दोन्ही प्रयोगांनी दाखवलेले नाही. उलट ब्रिस्टलचे कुत्रे मागे राहिले. अंगावर येणाऱ्या कुत्र्याला चिथावणी मिळते ती बहुधा घाबरलेल्या माणसाच्या हालचालीतून. एकदम पळत सुटणे, किंचाळणे, हात उडवणे या गोष्टी त्यात येतात. वास लपवता येत नाही, हालचाल मात्र आवरता येते.

हे कौशल्य आले कुठून?

लांडगा आणि कुत्रा यांचे पूर्वज एकच. पण माणसाच्या सहवासात कुत्र्याला आलेली दृष्टी लांडग्यात नाही. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी एक स्त्री आणि एक पुरुष यांच्यासोबत पुरलेला कुत्रा सापडला. त्या पिल्लाला मोठा आजार झाला होता आणि माणसांनी काळजी घेतल्याशिवाय ते तेवढे जगले नसते, असे त्याच्या दातांच्या अभ्यासातून दिसते. इतकी ही सोबत जुनी आहे.

हंगेरीतील संशोधकांनी २००३ मध्ये माणसांनी हाताळून वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांच्यापुढे न सुटणारे कोडे ठेवले. लांडगे स्वतःच झटत राहिले. कुत्र्यांनी थोडा प्रयत्न केला आणि मग मान वळवून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. हिवाळ्यात रोह्याच्या शेतावर पोपटी लागते, तेव्हा मडक्यापासून अंतर राखून बसलेला कुत्रा जाळाकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त पाहतो, ते याच स्वभावामुळे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार कुत्र्याच्या भुवईचा आतला भाग वर उचलणारा एक स्नायू चांगला विकसित आहे, तर लांडग्यात तो जवळजवळ नसल्यासारखा आहे. कुत्र्याची ती केविलवाणी, माणसाला विरघळवणारी नजर या स्नायूची करामत आहे. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की मालक आणि त्याचा कुत्रा एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्ह्या बाळातील जिव्हाळ्याशी याच संप्रेरकाचा संबंध आहे.

मात्र ही गोष्ट मालक आणि त्याच्या कुत्र्यापुरती आहे. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहिले, तर तो ते आव्हान समजतो. खूण एकच, पण नाते बदलले की अर्थ उलटा होतो.

मग केलेली चूकही त्याला कळते का?

संध्याकाळी घरी यावे तर चपलेचा चोथा झालेला. टिप्या कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवून बसलेला. ‘बघा, केलेय ते त्याला बरोबर कळतेय!’ असे घरोघरी म्हटले जाते.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. मालकाने ‘खायचे नाही’ असे बजावून खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाल्ले की नाही ते सांगितले जायचे, पण काही वेळा मुद्दाम खोटे. निष्कर्ष असा, की ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध कुत्र्याने खरेच खाल्ले की नाही याच्याशी नव्हता. तो मालक ओरडला की नाही याच्याशी होता. ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो चेहरा जास्त ठळक दिसला.

म्हणजे टिप्या चप्पल आठवून शरमलेला नसतो. दारात उभ्या मालकाचा ताठरलेला खांदा आणि बदललेला आवाज त्याने वाचलेला असतो आणि तो ‘रागावू नका’ असे आपल्या भाषेत सांगत असतो. दोन तासांपूर्वीच्या गोष्टीसाठी त्याला मारले, तर चप्पल चावू नये हे तो शिकत नाही. मालक घरी आला की घाबरायचे, एवढेच तो शिकतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो, अशी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपास केला, तेव्हा कळले की घोड्याला गणित येत नव्हते. उत्तर जवळ आले की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीकशी हालचाल तो टिपत होता. कुत्र्याबाबतही सावधगिरी हीच. तो खुणा वाचतो, आणि फार चांगल्या वाचतो. त्यामागची कारणे मात्र आपण आपल्या मनाने जोडतो.

माणसाला कुत्रा कळतो का?

वाटते तितका नाही. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कुत्र्याच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. कधी त्याला आवडती गोष्ट दिली जात होती, कधी नावडती. मग चित्रफितींत फेरफार करून नावडत्या प्रसंगातील कुत्रा आवडत्या प्रसंगात असल्यासारखा दाखवला. लोकांनी कुत्रा खूश असल्याचे सांगितले. म्हणजे ते कुत्र्याकडे पाहतच नव्हते. आजूबाजूचा प्रसंग पाहून त्याच्या मनाचा अंदाज बांधत होते.

आपल्याकडचे ठोकताळे असेच फसवे आहेत. ‘शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे’ हे नेहमी खरे नसते. सैल, अंगासकट डोलणारी शेपटी मैत्रीची असते. उंच, ताठ धरून भराभर थरथरणारी शेपटी म्हणजे कुत्रा उत्तेजित किंवा सावध आहे. ‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ या म्हणीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. भुंकणे ही अनेकदा ‘जवळ येऊ नका’ अशी सूचना असते. ती ऐकली नाही, तर कुत्रा पुढची पायरी गाठतो.

चावण्याआधी कुत्रा बहुतेक वेळा सांगून पाहतो. तो तोंड फिरवतो, काही खाल्लेले नसताना ओठांवरून जीभ फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. कान मागे जातात, शेपूट पोटाखाली जाते. मग अंग एकदम ताठ होते आणि हालचाल थांबते. त्यानंतर गुरगुरणे, दात दाखवणे आणि शेवटी चावा. लहान मुले याला अधिक बळी पडतात, कारण दात विचकलेला चेहरा अनेक चिमुकल्यांना हसरा वाटतो. घरातल्या कुत्र्याला गळामिठी घालणे, तो खात असताना ताटलीकडे हात नेणे, झोपेतून उठवणे या गोष्टी मुलांच्या दृष्टीने प्रेमाच्या असतात. कुत्र्याच्या लेखी त्या कोंडीच्या असू शकतात.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प बसवणे ही आणखी एक चूक. त्यामुळे त्याची भीती जात नाही, फक्त सूचना देण्याची सवय जाते. मग तो ‘न सांगता चावला’ अशी तक्रार होते.

रस्त्यात कुत्रे आडवे आले तर काय करावे?

कुत्रा हालचाल वाचतो, हे कळले की उपाय समजायला सोपे जातात.

पायी असाल तर पळू नका. जागीच उभे राहा. हात अंगालगत ठेवा, नजर त्याच्या डोळ्यांत न रोखता खाली किंवा बाजूला ठेवा. ओरडू नका. कुत्र्याचा आवेश ओसरला की पाठ न फिरवता सावकाश बाजूला सरका. शाळकरी मुलांना ‘झाडासारखे उभे राहा’ एवढेच शिकवले तरी पुरते. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन अंग गोळा करा आणि हातांनी मान व कान झाका.

धाटावहून रात्रपाळी संपवून दुचाकीवर परतणाऱ्या कामगाराला कुत्रे मागे लागण्याचा अनुभव नवा नसतो. अशा वेळी वेग वाढवणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. पण पळणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करणे ही कुत्र्याची जन्मजात ओढ आहे. वेग जितका वाढेल, तितका पाठलाग वाढतो आणि चाव्यापेक्षा गाडी घसरून होणारी इजा मोठी असू शकते. लाथ न उगारता वेग कमी करावा. गरज पडली तर थांबून गाडी आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी. पाठलागातली गंमत संपली की बहुतेक कुत्रे थांबतात.

पिल्ले घातलेल्या कुत्रीच्या जागेजवळून जाऊ नये. खाणाऱ्या, झोपलेल्या, जखमी किंवा बांधलेल्या कुत्र्याला हात लावू नये. ओळखीच्या कुत्र्यालाही वरून डोक्यावर हात नेण्याऐवजी बाजूने, त्याने स्वतः जवळ आल्यावर स्पर्श करावा. दगड मारणे टाळावे. तो कुत्रा त्या दिवशी पळेल, पण पुढे वाकणाऱ्या प्रत्येकाकडे तो शत्रू म्हणून पाहील. त्याचा त्रास दगड मारणाऱ्याला न होता मागून येणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाला होऊ शकतो.

रेबीज झालेल्या कुत्र्याला मात्र यातले काहीच लागू होत नाही. आजाराने त्याच्या मेंदूवर परिणाम झालेला असतो. लाळ गळणे, तोल जाणे, कारण नसताना दिसेल त्याला चावणे अशी लक्षणे दिसली, तर दूर राहून नगर परिषदेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

चावलाच तर?

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. वेळेवर उपचार घेतले तर तो पूर्णपणे टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जगात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत संसर्ग कुत्र्यांमुळे होतो आणि कुत्रा चावून रेबीजची शक्यता निर्माण झालेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात.

चावा असो, ओरखडा असो किंवा जखमेवर कुत्र्याने चाटलेले असो, ती जागा लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी जवळचे सरकारी रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. लसीच्या सगळ्या मात्रा ठरलेल्या तारखांना पूर्ण कराव्यात. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, त्याबाबत डॉक्टरांना विचारावे. ‘कुत्रा घरचाच आहे’ किंवा ‘लहानसाच ओरखडा आहे’ म्हणून थांबू नये. मुले मार बसेल या भीतीने ओरखडा लपवतात. घरात त्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे, की कोणी रागावणार नाही.

जबाबदारी कोणाची?

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजविरोधी लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. पेणमध्ये पेण नगर परिषद, रोह्यात रोहा अष्टमी नगर परिषद आणि आसपासच्या गावांत ग्रामपंचायती, अशी ही विभागणी होते. मासळी आणि मटणाचा कचरा उघड्यावर पडत राहिला, तर कुत्रे तिथे जमणारच. त्यामुळे कचऱ्याची वेळेवर उचल हाही चावे कमी करण्याचा उपाय आहे.

नसबंदी, लस, कचरा ही कामे यंत्रणेची. शाळेत मुलांना अर्ध्या तासात कुत्र्याची देहबोली शिकवणे हे मात्र कोणत्याही शिक्षकाला, पालकाला जमण्यासारखे आहे. कुत्रा हजारो वर्षे माणसाकडे पाहत आला आणि शिकत गेला. पेणच्या स्थानकातला कुत्रा वाकलेल्या प्रवाशाला चुकीचे वाचून गेला, पण त्यात त्याने निदान प्रवाशाकडे नीट पाहिले होते. चार हातांवर झोपलेल्या कुत्र्याचे कान, शेपूट आणि डोळे काय सांगतात, इकडे माणसाचेही तेवढेच लक्ष गेले, तर दोघांचाही रस्ता बराच सुरक्षित होईल.